जपानला न गेलेली ताई

ताई, तुला जाऊन अठरा दिवस झाले. तुझी आठवण काढायला बसलं, की खरं तर मला आपलं पिंपरीतलं दोन खोल्यांचं घर आठवायला हवं. आई गेल्यावर शाळेत जायच्या आधी तू माझ्या वेण्या घालायचीस आणि इतक्या घट्ट ओढायचीस की दिवसभर भुवया वर राहायच्या, ते आठवायला हवं. तसं होत नाही. मला जपान आठवतं. जिथे तू कधी गेलीच नाहीस.

लोक भेटायला येतात. म्हणतात, "फार माया होती तुमच्यावर त्यांची." मी नुसती मान हलवते. त्यांना वाटतं, रडू येतंय म्हणून बोलत नाही. खरं सांगू? मला लाज वाटते. रडू नंतर येतं.

जपानचं खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं, ते मी शंभर वेळा ऐकलंय. महाळुंग्याच्या कंपनीत तू गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचीस. समोर उभा बोर्ड, त्यावर खुंट्या, त्या खुंट्यांमधून एकेक रंगाची वायर फिरवायची, टेप मारायची, कनेक्टर बसवायचा. आठ तास, उभं राहून. एकदा जपानहून साहेब लोक तपासणीला आले होते आणि नेमकी त्याच वेळी तू लाईन थांबवलीस. सुपरवायझर कानाशी येऊन म्हणाला, "सुजाताबाई, आज तरी नको!" तू म्हणालीस, "आजच पायजे. या वायरीवर पिवळी रेघ पायजे, ही पांढरी हाय." बघतात तर अख्खं बंडल चुकीचं आलेलं. तो पांढऱ्या केसांचा जपानी साहेब तुझ्यासमोर आला, डोक्यावरची टोपी काढली आणि कमरेत वाकला.

"थोडं नाय गं, पार असा," म्हणत तू उठून करून दाखवायचीस. "मला वाटलं साहेबांचं काही पडलं खाली. मी पण वाकून शोधायला लागले."

आम्ही हसायचो. मग तू पुन्हा बसायचीस आणि आवाज जरा खाली यायचा. "प्रज्ञे, आजवर मीच वाकत आले सगळ्यांसमोर. माझ्यासमोर कुणी वाकलेलं पहिल्यांदा बघितलं. त्यांच्याकडं सगळेच असे असतात का, एकदा जाऊन बघायचंय."

गेल्या वर्षी ऋतानं आणि मी जपानला जायचं ठरवलं. ऋता म्हणजे ऑफिसात सात वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण. ती आणि तिचा नवरा समीर, आणि नवरा, लेक धरून आम्ही तिघं, असा बेत होता. घरी सांगितलं तर निखिल पटकन म्हणाला, "मग ताईंना सोडून कसं जायचं?" अन्वीनं तर लगेच तुला फोनच लावला. नऊ वर्षांची पोरगी, तिनं सोफ्यावर उभं राहून ओरडून सांगितलं, "मावशी, आपण जपानला जातोय!" तुझ्या मागे कंपनीच्या बसचा आवाज येत होता. तू म्हणालीस, "कोण, मी? बस थांबवा हो जरा, मला उतरू द्या." बस कुरुळीला, तुझ्या चाळीपाशी, पोचायला अजून दोन थांबे होते, पण तू मधेच उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहून ती बातमी पुन्हा पहिल्यापासून ऐकलीस.

त्यानंतरचे चार महिने. ताई, ते चार महिने आपल्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे होते, हे मी आज शपथेवर सांगते. चाकणच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी आणि मी गुरुवारी घरून काम करते, त्यामुळे तू सकाळी अकराला वाकडला हजर. मी मीटिंगमध्ये असले की तू शेजारी बसून फोनवर जपानी शब्द शिकवणारे व्हिडिओ बघायचीस, आवाज बंद करून, नुसते ओठ हलवत. एकदा माझा माईक चालू राहिला आणि माझ्या सगळ्या टीमला तुझं "सुमिमासेन, सुमिमासेन" ऐकू गेलं. मी रागावले, तर तू म्हणालीस, "अगं, त्याचा अर्थच माफ करा असा हाय."

तुझे प्रश्न संपायचे नाहीत. तिथं चहात दूध घालतात का? चपला बाहेर काढायच्या तर चोरीला जात नाहीत का? संडासात पाणी असतं का नुसता कागद? निखिलनं तुला तिथल्या संडासाचा व्हिडिओ दाखवला. बसायची जागा गरम, पाण्याची वेगवेगळी बटणं, वर गाणं वाजतं. तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. म्हणालीस, "मग लोक बाहेर कशाला येतील?"

आणि तो पासपोर्ट! शाळेच्या दाखल्यावर 'सुजाताबाई', आधारवर 'सुजाता', दाजी गेल्यानंतरच्या एका कागदावर तर 'सुनीता'. तीन हेलपाटे झाले. दर वेळी काउंटरवरचा माणूस नवीन कागद मागायचा आणि दर वेळी मी चिडायचे, तू नाही. तू बाहेर येऊन म्हणायचीस, "एवढं बघून घेतात ते बरंच हाय. उगाच कुणालाही थोडंच सोडायचं बाहेर?" फोटोत हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत, असं फोटोवाल्यानं सांगितलं आणि तुझं हसू सुटलं ते थांबेना. अकराव्या फोटोत तू गंभीर आलीस, तीही अशी, की जणू कुणी तुला रागावलंय. चौकशीला पोलीस आला तेव्हा अख्खी चाळ गोळा झाली. त्यानं विचारलं, "या बाई इथेच राहतात का?" तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "राहतात तर. पण आता जपानला चालल्यात."

भांडलोही आपण. मी दिवसांचा तक्ता केला होता. कुठल्या दिवशी कुठलं गाव, कुठली गाडी, कुठला डोंगर. तू तो तक्ता चष्मा लावून दोनदा वाचलास आणि विचारलंस, "यात कंपनी कुठाय?"

"कसली कंपनी?"

"तिथली. गाड्यांची, वायरींची, कसली पण. मला त्यांची लाईन बघायचीय. तिथल्या बायका बसून काम करतात का उभ्यानं, तेवढं बघायचंय."

"ताई, आपण सुट्टीला चाललोय. तिथेही लाईनच बघणार?"

"तू देवळं बघणार, मी लाईन बघितली तर काय बिघडलं?" तू म्हणालीस. "बसून करत असतील तर इथं येऊन सांगता येईल ना साहेबाला. की बाबा, खुद्द जपानमध्ये स्टूल देतात."

मी म्हटलं, असं कुणालाही कारखान्यात घेत नाहीत. तू म्हणालीस, विचारून तरी बघ. मी विचारलं नाही. हे भांडण तिथंच राहिलं. तुझे पाय संध्याकाळी सुजायचे, हे मला माहीत होतं, तरी मी त्या वेळी वैतागून लॅपटॉप मिटला.

आता तो रविवार. तो टाळून पुढे जाता येत नाही.

ऋता आणि समीर आमच्याकडे आले होते, हॉटेलं नक्की करायला. तुझीही ओळख होईल म्हणून निखिलनं तुला बोलावलं. तुझी दुपारची शिफ्ट होती, तू सकाळीच आलीस. नवीन साडी, केसांना तेल, हातात डबा. डबा तू टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी उघडलास. "सुकटाची चटणी. महिनाभर टिकते. तिथं भाताबरोबर बरी पडेल." वास घरभर झाला. ऋतानं लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला आणि म्हणाली, "वा, पण आम्ही खात नाही हो हे." तू म्हणालीस, "मग तुमच्यासाठी शेंगदाण्याची करते." त्यात काहीच नव्हतं. तू त्यांना त्या वाकलेल्या साहेबाची गोष्ट सांगितलीस, उठून करून दाखवलीस, समीर खो-खो हसला. मी मात्र तुझ्या प्रत्येक 'हाय' आणि 'नाय'ला आतून दचकत होते. मग तू घड्याळ बघितलंस, बस चुकेल म्हणून उठलीस आणि दारात उभी राहून दोन्ही हात जोडून, जशी सगळ्यांना म्हणतेस तशी म्हणालीस, "चला, जय भीम."

एक क्षण कुणी काही बोललं नाही. मग समीर म्हणाला, "हो, नमस्कार, नमस्कार."

तो एक क्षण मी पुढचे कित्येक दिवस ऐकत राहिले. ताई, तुला हे माहीत नव्हतं. किंवा कदाचित होतंही. सात वर्षांत मी ऑफिसात कुणालाही सांगितलं नव्हतं, आपण कोण ते. खोटं बोलले नव्हते, फक्त बोलले नव्हते. लग्नानंतर आलेलं आडनाव असं, की त्यावरून काही कळत नाही. एप्रिलमध्ये जयंतीला रजा घेते तेव्हा 'घरी कार्यक्रम आहे' एवढंच सांगते. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी ऋता म्हणाली, "अगं, तू कधी बोलली नाहीस!" टोमणा होता की नुसतं आश्चर्य, मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही. हसले आणि विमानातल्या जेवणाचा विषय काढला.

त्या दिवसापासून मी मनात दहा दिवसांची सहल पुन्हा पुन्हा बघायला लागले. दर वेळी त्यात तू होतीस, हॉटेलच्या नाश्त्याला मोठ्यानं बोलणारी, डबा उघडणारी, भेटेल त्याला हात जोडून जय भीम म्हणणारी. आणि दर वेळी मी ऋताच्या चेहऱ्याकडे बघत होते.

व्हिसाचे कागद एजंटाचा माणूस न्यायला आला, तेव्हा चार पाकिटं तयार होती. मी त्याला तीन दिली. "मॅडम, चौथा सेट?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "त्यांचं रद्द झालं." इतकं सोपं होतं ते. तुझं पाकीट मी कपाटात चादरींखाली ठेवलं. स्वतःला सांगितलं, पुढच्या आठवड्यात देऊ. पुढच्या आठवड्यातही दिलं नाही.

माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा अर्ज द्यायला तू पहाटेची शिफ्ट बुडवून रांगेत उभी राहिली होतीस. मला ताप होता. अर्ज स्वीकारणाऱ्यानं सही चुकलीय म्हणून परत पाठवलं, तर तू घरी येऊन माझी सही घेऊन पुन्हा गेलीस आणि खिडकी बंद व्हायच्या आत तो दिलास. हे मला चादरी नीट करताना आठवलं. आठवूनही मी कपाट लावून घेतलं.

तुला फोनवर सांगितलं. समोर येऊन सांगायची हिंमत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तूच फोन केलास. "आला का गं विजा?"

"ताई, तुझा व्हिसा नाकारला."

मागे ताटांचा आवाज येत होता. तू म्हणालीस, "बरं." मग विचारलंस, "तुमचे आले ना? अन्वीचा आला?"

"हो."

"मग झालं तर." आणि पुन्हा, "कारण काय दिलं?"

"ते कारण देत नाहीत."

निखिललाही मी हेच सांगितलं. तो चिडला, पुन्हा अर्ज करू म्हणाला. मी म्हटलं, आता वेळ नाही. पुढच्या गुरुवारी तू आलीस, तुझा पासपोर्ट परत न्यायला. सोफ्यावर टेकलीस आणि माझीच माफी मागितलीस. "माझ्यामुळे तुझी किती धावपळ झाली. मी कॉन्ट्रॅक्टवर हाय ना, तेच बघितलं असणार त्यांनी. नावांचा पण घोळ होताच." तू तुझ्यातली एकेक उणीव शोधून मला सांगत होतीस आणि मी चहा ओतत होते.

निघायच्या आधीच्या गुरुवारी तू बॅगा भरायला आलीस. स्वेटर गुंडाळून कसे ठेवले की जागा वाचते, ते तूच दाखवलंस. ऋतासाठी शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी. समीर मधेच बॅगेचा वजनकाटा द्यायला आला. तू त्याच्याकडे बघून नुसते हात जोडलेस. काही बोलली नाहीस. आणि मला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं मी कुणालाच सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

सहल चांगली झाली, ताई. ते तुला तेव्हाही सांगितलं. गाड्या मिनिटाला मिनिट, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. एका लहान गावातल्या हॉटेलातून आम्ही निघालो, तेव्हा तिथले दोघं म्हातारे नवरा-बायको दारात आले आणि वाकले. आमची बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तसेच वाकून उभे होते. अन्वी मागच्या काचेतून बघत म्हणाली, "मावशी बरोबर सांगत होती." ऋता माझ्या शेजारी होती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "प्रज्ञा, तुझी ताई हवी होती गं इथे. किती गोड सांगितली होती तिनं ती गोष्ट. पुढच्या वर्षी परत अर्ज कर तिचा. आपण तिला घेऊनच येऊ."

मी खिडकीबाहेर बघितलं. ज्या माणसाच्या चेहऱ्याला भिऊन मी तुला घरी ठेवलं होतं, ते माणूस तुझी आठवण काढत होतं. शेंगदाण्याची चटणीही तिनं तिसऱ्या दिवशीच संपवली होती. कदाचित ऋता मनात काही म्हणालीही असेल त्या रविवारी, मला माहीत नाही. पण जे केलं ते मी केलं. तिनं काहीच केलं नव्हतं.

मी परत आल्यावर तुला सांगायचं ठरवलं होतं. तू फोटो बघायला आलीस, एकेक फोटो मोठा करून बघितलास. "एवढं वाकून कंबर दुखत नसेल का त्यांची?" म्हणालीस. लाईनवर वाटायला मी चॉकलेटं आणली होती. दुसऱ्या दिवशी तू ती वाटताना काय म्हणालीस, ते मला नंतर कळलं. "जपाननं मला नाय घेतलं, पण खाऊ पाठवला." सगळ्या बायका हसल्या म्हणे. मी म्हणत राहिले, या गुरुवारी सांगू, पुढच्या गुरुवारी सांगू. तू एकदा म्हणालीस, "दमलेली दिसतीस. काय झालंय?" मी म्हटलं, ऑफिसचा ताण. मग एका मंगळवारी तू लाईनवर उभी असताना छातीत कळ आली म्हणून खाली बसलीस, आणि मी दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम कुरुळीला, चाळीपुढच्या मोकळ्या जागेत केला. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलायला लागले. पहिली शिफ्ट सुटल्यावर तुझ्या लाईनवरच्या पंधरा-सोळा बायका थेट कंपनीच्या निळ्या एप्रनमध्ये आल्या. ऋता आणि समीरही आले होते, मागच्या रांगेत बसले होते. निखिल पाणी देत फिरत होता.

काजल नावाची तुझ्या लाईनवरची मुलगी उठली. बोलताना रडत होती आणि रागातही होती. "सुजाताताईंनी मला काम शिकवलं. त्यांची एकच इच्छा होती. त्या जपानी लोकांनी ती पण पुरी होऊ दिली नाही. एवढं इमानदारीनं काम केलं त्यांच्यासाठी, आणि त्यांना साधा विजा देता आला नाही? मागच्या महिन्यात ते म्हातारे साहेब परत आले होते. ताई कुठे आहे म्हणून खुणेनं विचारत होते. ताईंची त्या दिवशी रात्रपाळी होती. आम्ही कुणीच त्यांना उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी माना फिरवल्या."

बायका 'बरोबर केलं' म्हणाल्या. मला तो म्हातारा दिसला, टोपी हातात घेऊन बोर्डांच्या रांगेतून तुला शोधणारा, आणि सोळा बायकांनी फिरवलेल्या माना. माझ्यामुळे. ताई, मी उठले. माईक घेतलाच नाही, तशीच बोलले.

"जपाननं नाही म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "ताईचा अर्ज मी दिलाच नव्हता. पाकीट माझ्या कपाटात होतं. तिला बरोबर न्यायची मला लाज वाटत होती. ती जिथे जाईल तिथे जय भीम म्हणते, आणि माझ्या ऑफिसातल्या लोकांना आपण कोण ते मी सांगितलेलं नव्हतं. म्हणून. तिला आणि सगळ्यांना मी खोटं सांगितलं."

निखिल हातात तांब्या घेऊन उभा होता. त्यालाही ते तेव्हाच कळलं. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि तो चाळीच्या मागे निघून गेला. ऋतानं मान खाली घातली होती. काजल माझ्याकडे असं बघत होती, की तसं कुणी माझ्याकडे यापूर्वी बघितलेलं नाही.

मग शोभाबाई उठल्या. परभणीकडच्या, तुझ्या शेजारच्या बोर्डावर काम करणाऱ्या, तुझी बसमधली सोबतीण. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिला म्हाईत होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"म्हाईत होतं तिला. तुमी जायच्या आदीच. माझा दीर भोसरीला एजंटाकडं कामाला हाय. मी म्हन्लं, सुजाता, त्येला दाखवू पासपोर्ट, बगू परत काई जमतं का. त्यानं उलटून पालटून बगितला अन म्हन्ला, ह्यो तिकडं जमाच झालेला न्हाई, अर्ज गेला असता तर मागं खूण असती, पावती असती. ह्यो कुठंच गेलेला न्हाई."

"मग ताई काय म्हणाली?"

"तवा काईच न्हाई. पासपोर्ट पिशवीत ठिवला. बसमदी बसल्यावर रडली. लई रडली, कुरुळी येईस्तोवर. मी म्हन्लं, जा आन इचार तिला तोंडावर. तर म्हन्ली, न्हाई इचारायचं. तिची काईतरी अडचन असंल. अन मला शपथ घातली. म्हन्ली, शोभा, ह्ये कुनाला सांगू नको. लोकं माझ्या भैनीला नावं ठिवतील."

एवढं सांगून शोभाबाई जागेवर जाऊन बसल्या.

म्हणजे तू बॅगा भरायला आलीस तेव्हा तुला माहीत होतं. स्वेटर गुंडाळताना, चिठ्ठी लिहिताना, समीरसमोर गप्प राहताना, सगळ्या लाईनला चॉकलेटं वाटून हसवताना. 'काय झालंय' असं तू मला विचारलंस तेव्हाही. तू मला बोलायला जागा करून दिली होतीस, आणि मी ऑफिसचा ताण म्हणाले.

ताई, तुझे उपकार मी किती मोजू? पण हा एक मला नको होता. तू यायला हवं होतंस, दारातूनच आवाज चढवायला हवा होतास, तो पासपोर्ट माझ्या टेबलावर आपटायला हवा होतास. शेजाऱ्यांनी दारं उघडून बघितलं असतं तरी चाललं असतं. आपण भांडलो असतो, मी रडले असते, पाय धरले असते, आणि पुढच्या वर्षी तू गेलीही असतीस. तू मला सांभाळून घेतलंस, लहानपणी घ्यायचीस तसंच, आणि त्यामुळे तुझी माफी मागायची वेळ कायमची निघून गेली.

निखिल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, कामापुरतं. अन्वीला मी स्वतः सांगितलं. तिनं विचारलं, "मावशीची लाज वाटायचं काय कारण?" ऋता निघताना माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "सात वर्षं शेजारी बसले, आणि मीही कधी विचारलं नाही." गेल्या आठवड्यात शोभाबाईंनी काजलला समजावलं, आणि काजलनं सुपरवायझरकडून त्या म्हाताऱ्या साहेबांना निरोप पाठवला, की तुमच्या देशाची चूक नव्हती. आणि सुजाताताई आता नाहीत. काजल अजून माझा फोन घेत नाही. बरोबर आहे तिचं.

शोभाबाईंनी शपथ मोडली म्हणून तू रागावू नकोस. आधी मी बोलले, मग त्या. लोक मला नावं ठेवतील म्हणून तू गप्प राहिलीस, बसमध्ये तोंड पदरात घालून रडलीस. हे सगळं मी आता लिहून काढलंय, माझं नाव खाली घालून. कुरुळीच्या विहारात एक प्रत देणार आहे, ऑफिसात एक. ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं.

ठेवू देत नावं, ताई.